सल्ला हवा: आजीचं बायबल ७३ पुस्तकांचं, लेकीचं ६६चं. घरात एकच मराठी प्रत घ्यायची तर कोणती?

शब्दवेल

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात सदरला राहतो. मी सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट), नवरा कॅथलिक. लग्नाला सतरा वर्षं झाली. रविवारी सकाळी दोघं दोन दिशांना जातो आणि दुपारी एका टेबलाशी जेवतो. त्यात आजवर काही अडलं नव्हतं.

सासरे ऑगस्टमध्ये गेले. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सासूबाईंनी त्यांच्या नावाने मिस्सा (कॅथलिक उपासना) सांगितली आहे. लेक चौदाची आहे, यंदा आमच्या चर्चमध्ये दृढीकरणाच्या वर्गाला जाते. जेवताना तिने आजीला सांगितलं की गेलेल्यांसाठी प्रार्थना करायला शास्त्रात आधार नाही. आजी अर्ध्या ताटावरून उठली. हात धुऊन आपलं बायबल घेऊन आली (जुन्या साडीच्या काठाचं कव्हर शिवलेलं आहे त्याला) आणि २ मक्काबीचा १२वा अध्याय उघडून लेकीच्या पुढ्यात ठेवला. लेकीने आपलं पवित्र शास्त्र आणलं. त्यात ते पुस्तकच नाही. मलाखी संपलं की थेट मत्तय.

"आजी, तुझ्यात हे जास्तीचं आलं कुठून?"
"तुझ्यातून काढलं कोणी, ते विचार."

त्याला आता आठ दिवस झाले. दोघी बोलतात, पण मोजकं. आजी रोज तिच्या पोळीवर तूप घालायची, तेही बंद आहे.

मला एक मराठी बायबल हवं आहे, ती पुस्तकं असलेलं, म्हणजे दोघी एकाच पानावरून वाचतील. सासूबाई जबलपूरच्या, त्यांचं बायबल हिंदी, आणि लेकीला ती हिंदी झेपत नाही. टाइप मोठा हवा, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. कोणती पुस्तकं कुणी मानली आणि का, याची साधी टीप असेल तर सोन्याहून पिवळं. बजेट ८०० रुपये. २ नोव्हेंबरच्या आत हवं.

जुनी_पोथी

ताई, ८०० मध्ये काही येत नाही. मी ३२०० देऊन चामडी बांधणीचं, चेनवालं, सोनेरी कडांचं अभ्यास-बायबल घेतलं. इंग्रजी आहे, पण खाली टिपा इतक्या की मूळ मजकूर दोन ओळी आणि टिपा अर्धं पान. घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्यावं.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सरळ नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ती पुस्तकं काढली नव्हती. जुना आणि नवा करार यांच्या मध्ये वेगळा गट करून ठेवली होती. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्येही होती. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८२६ मध्ये ठरवलं की ती छापायला पैसा द्यायचा नाही. आपल्याकडची बायबलं त्याच परंपरेतून छापली गेली, म्हणून आपल्या हातात ६६ची प्रत आली. तेव्हा 'काढलं कोणी' याला ल्यूथर एवढंच उत्तर पुरत नाही, छापखान्याचा हिशोबही त्यात आहे.

नवा_करार

बहिणी, विकत घेऊच नका. पैशाचा प्रश्न नाही. जे शास्त्र नाही ते शास्त्राच्या बांधणीत शिवून घरात आणलं की लेकरू दोन्ही सारखंच मानणार. यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात ती पुस्तकं नाहीत. लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनेही त्यांना वेगळं काढलं होतं, आणि तो काही प्रोटेस्टंट नव्हता. २ तीमथ्य ३:१६ वाचा, सगळं शास्त्र देवप्रेरित आहे ते. मार्क ७ मध्ये प्रभू कुणाला बोलला तेही वाचा: देवाची आज्ञा सोडून माणसांची परंपरा धरणाऱ्यांना. बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्राशी ताडून पाहिलं. पौलाला जी कसोटी, ती पोपला का नको?

मोहननगर७१

दादा, बिरुयाच्या लोकांच्या हातात नवा करार नव्हताच. मग नव्या करारात सत्तावीस पुस्तकं, हे तुम्हाला कोणत्या वचनाने सांगितलं? ती सत्तावीसची यादी जशीच्या तशी पहिल्यांदा दिसते ती आलेक्सांद्रियाचा बिशप अथनासियस याच्या ३६७ च्या पत्रात. मग ३९७ ला कार्थेजच्या बिशपांच्या परिषदेने यादी दिली, तिच्यात मक्काबीही आहे. यादी मंडळीने, म्हणजे चर्चने, ठरवली. ती तुम्ही मंडळीकडून घेता आणि मंडळीचा अधिकार मात्र नाकारता. १ तीमथ्य ३:१५ काढून बघा, सत्याचा खांब आणि पाया कुणाला म्हटलंय ते.

ताई, प्रतीबद्दल. मी ऑनलाइन मागवलं होतं, 'जंबो टाइप' असं लिहिलेलं. आलं तेव्हा अक्षर मुंगीएवढं, आणि तिसऱ्या महिन्यात स्तोत्रसंहितेची पानं सुटून हातात आली. परत घेत नाही म्हणाले. दुकानात जाऊन, उघडून, वाचून बघितल्याशिवाय घेऊ नका. खिशातला चष्मा घालूनच बघा.

रेल्वेकॉलनी

ताई, काऊन कागदाचं घेऊन राहिल्या? टॅब घ्या. मी आईसाठी घेतला, अकरा हजारात. दोन बोटांनी ताणलं का अक्षर पाटीएवढं होते. बायबलचे ॲप फुकट हायेत.

बाकी भांडणाचं म्हणाल तर आम्ही मेथडिस्ट. आमच्यात चार गोष्टी धरतात: शास्त्र, परंपरा, बुद्धी आणि अनुभव. शास्त्र पहिलं, बाकीच्या तिघींच्या उजेडात ते वाचायचं. चौघींची ही मांडणी १९६० च्या दशकात आल्बर्ट आउटलर यांनी केली, पण मूळ वळण जॉन वेस्ली यांचंच. आणि वेस्ली स्वतःला एकाच पुस्तकाचा माणूस म्हणवत होते.

नवा_करार

अनुभव? अनुभवाला प्रमाण मानलं की ज्याला जे वाटेल ते खरं.

पहाटप्रार्थना

अनुभवाचं मी सांगते, कारण मी भोगलंय. आमच्या फेलोशिपमध्ये भविष्यवाणी चालायची. एका सभेत एका भावाने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, देव म्हणतो प्लॉट विका आणि सेवेला लागा. मनीषनगरकडचा प्लॉट होता, मिस्टरांनी पीएफ काढून घेतलेला. आम्ही विकला. दोन वर्षांनी तो भाऊ गाव सोडून गेला. कुणाला विचारायचं? त्याच्यावर बिशप नव्हता, समिती नव्हती, सिनॉड (चर्चची सभा) नव्हता. शास्त्र उघडून प्रश्न केला तर म्हणायचे, तू आत्म्याला विझवतेस. १ थेस्सलनीकाकरांस ५ मध्ये ते वचन आहे खरं, पण लगेच पुढे लिहिलंय की सगळ्या गोष्टींची पारख करा. ती पुढची ओळ मला कुणी वाचून दाखवली नव्हती.

आत्मा आजही बोलतो, हे मी आजही मानते. फक्त एकट्या माणसाच्या तोंडून आलेलं एकट्याने खरं मानायचं नाही, हे शिकले.

ताई, प्रत कोणतीही घ्या, पण लेकीला एकटीला वाचायला देऊ नका. आजीला शेजारी बसवा.

धंतोली_वाचक

मी ख्रिस्ती नाही, वाचक आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' माझ्याकडे आहे. भाषांतरासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय त्याला. मराठी इतकं वाहतं की वाचताना भाषांतर वाटत नाही. माझ्या मते शोध इथेच संपवा.

जुनी_पोथी

मराठीचाच विषय निघाला तर पंडिता रमाबाईंना विसरू नका. केडगावला बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या १९२२ ला गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला निघालं. साध्या बाईला कळेल असं शास्त्र हवं, म्हणून एका बाईने एवढं केलं. अधिकारावर बोलताना मला कोणत्याही परिषदेआधी त्या आठवतात.

कळमेश्वर_रोड

मी मलयाळी ऑर्थोडॉक्स, जन्म नागपूरचा, शाळा मराठी. कळमेश्वरकडे आमची सेंट थॉमस सेमिनरी आहे, तिथे येणंजाणं असतं.

हा वाद मी ऐकतो तेव्हा वाटतं की दोन्ही बाजू एकाच खोलीत भांडताहेत आणि आम्ही शेजारच्या घरात आहोत. आम्ही पहिल्या तीनच परिषदा मानतो: निकिया ३२५, कॉन्स्टँटिनोपल ३८१, इफिस ४३१. ४५१ च्या खाल्सेदोनला आम्ही नाही म्हटलं. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स ७८७ पर्यंतच्या सात मानतात. पोपचा अधिकार दोघांनाही मान्य नाही. आणि एकटं शास्त्र असंही आम्ही म्हणत नाही.

आमच्या जुन्या सिरियाक बायबलात, पेशित्तात, नव्या कराराची पुस्तकं मुळात बावीसच होती. प्रकटीकरण नव्हतं, यहूदाचं पत्र नव्हतं. म्हणून आमचे पूर्वज कमी ख्रिस्ती होते का? उपासनेत जे वाचलं जातं, जे गायलं जातं, त्यातून विश्वास टिकला. गेलेल्यांसाठी आम्ही दर कुर्बानात (आमच्या मुख्य उपासनेत) प्रार्थना करतो. त्यासाठी मक्काबीचा अध्याय काढून दाखवायची वेळ माझ्या अम्मावर कधी आली नाही. ती प्रार्थना करते, कारण तिच्या अम्माने केली.

नवा_करार

अम्माने केलं म्हणून खरं, हाच तर मुद्दा आहे. आणि मोहननगर काका, इब्री ११:३५ मध्ये मक्काबीच्या हुतात्म्यांची छाया आहे असं तुम्ही आता म्हणाल, म्हणून आधीच सांगतो. यहूदाच्या पत्रात हनोखाच्या पुस्तकातलं वचन आहे, तरी ते पुस्तक तुम्हीही बायबलात घेत नाही. पौलाने तीताला लिहिताना क्रेतच्या कवीची ओळ वापरली. उल्लेख झाला म्हणून शास्त्र होत नाही.

मोहननगर७१

हा मुद्दा मान्य. उल्लेखावरून शास्त्र ठरत नाही. मग ठरतं कशावरून, एवढंच मी विचारतोय.

आणि पोप म्हणेल ते शास्त्र, असं आम्ही मानत नाही. १८७० ला अस्खलनशीलतेचा, म्हणजे विश्वासाबद्दल औपचारिक घोषणा करताना पोप चुकत नाही असा, सिद्धांत झाला. त्यानंतर पोपने तशा औपचारिक रीतीने एकदाच घोषणा केली, १९५० ला, मारियेच्या स्वर्गोन्नयनाची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट लिहिलं की शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, तो वचनाचा सेवक आहे. शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्याचं पाणी.

रेल्वेकॉलनी

ते झऱ्याचं सोडा जी. जुनी_पोथी भाऊ, तुमची सीएनआय आपल्या नागपुरातच झाली न, ऑल सेंट्सला?

जुनी_पोथी

हो, २९ नोव्हेंबर १९७०. माझे वडील त्या गर्दीत होते. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून झालेली युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथडिस्ट, अशा सहा मंडळ्या एक झाल्या. तुमचे अमेरिकन शाखेचे मेथडिस्ट ऐनवेळी मागे सरले. वडील शेवटपर्यंत ते बोलून दाखवायचे.

पण बघा, बिशप हवा म्हणणारे आणि बिशप नको म्हणणारे एका छताखाली आले. बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वासाने घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य झाले. जवळपास चाळीस वर्षं वाटाघाटी चालल्या होत्या.

आणि ताई, एक राहिलंच. आपल्या सीएनआयमधल्या अँग्लिकन वाडवडिलांचे ३९ नियम होते, १५७१ चे. सहाव्या नियमात लिहिलंय की तारणाला लागणारं सगळं शास्त्रात आहे. त्याच नियमात ही पुस्तकंही मोजली आहेत: मंडळीने ती आयुष्याच्या उदाहरणासाठी आणि वागणुकीच्या शिकवणीसाठी वाचावीत, त्यांवर सिद्धांत मात्र उभारू नये. म्हणजे लेकीने आजीजवळ बसून मक्काबी वाचलं तर तिच्या चर्चच्या विरुद्ध काही होत नाही. सिद्धांत वेगळा राहील, वाचन एक राहील. ३२०० च्या प्रतीचं तरी मनावर घ्या.

धंतोली_वाचक

सुबोध बायबल. वर सांगितलंच आहे.

शब्दवेल

सगळ्यांचे आभार. काल दोन दुकानांत जाऊन आले, चष्मा घालून, मोहननगर काकांनी सांगितलं तसं. टाइप मनासारखा मिळाला तिथे ती पुस्तकं नव्हती, आणि पुस्तकं होती तिथे टाइप बारीक. तेव्हा विकत काही घेत नाहीये. टॅबही नाही.

सहावा नियम लेकीला सांगितला. तिने वर्ग घेणाऱ्या पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, वाच, आणि आजीला विचार ती काय म्हणून वाचते. मग आजीच्या हिंदी बायबलातला तो एक अध्याय सदरच्याच दुकानातून ए-थ्रीवर मोठा झेरॉक्स करून आणला. काल संध्याकाळी आजी एकेक ओळ वाचत होती आणि लेक ड्रॉइंगच्या वहीत स्केचपेनने मराठीत उतरवत होती, एका पानावर चार ओळी, म्हणजे आजीला दिसेल.

लढाईत पडलेल्या माणसांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडले, तिथे लेक थांबली. म्हणाली, म्हणजे ते चुकले होते? आजी म्हणाली, हो, चुकले होते. तरी त्यांचा सेनापती यहूदा मक्काबी याने त्यांच्यासाठी चांदीचे दोन हजार द्राख्मा गोळा करून यरुशलेमला पापार्पणासाठी पाठवले, कारण मेलेले उठतील असा त्याचा भरवसा होता. लेक म्हणाली, मेलेले उठतील हे तर आमच्या वर्गातही आहे. मग बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. लेक आजोबांच्या खुर्चीकडे बघत होती.

प्रार्थनेबद्दल तिचं मत अजून बदललेलं नाही, आजीचंही नाही. २ तारखेला ती मिस्सेला येते आहे, मागच्या बाकावर बसेन म्हणते. नंतर जरीपटक्याला कबरीवर जाऊ. आज सकाळी पोळीवर तूप होतं.

वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत. आजी म्हणते, आता तोबित घेऊ. तेही त्याच जास्तीच्या पुस्तकांतलं.

नवा_करार

बहिणी, तुमच्या निर्णयाशी मी सहमत नाही. पण तुमच्या सासऱ्यांबद्दल वाईट वाटलं. सासूबाईंना प्रभू सांत्वन देवो, ही माझी प्रार्थना.

रेल्वेकॉलनी

ताई, ए-थ्रीचं पान कितीले पडलं? आईसाठी स्तोत्रं काढाची हायेत. टॅबची बॅटरी लवकर उतरून राहिली.