ऋतूप्रमाणे बदलायची आणि धुऊन परत वापरायची पायपुसणी: काय बघून घ्यावीत?

प्रश्न (उंबरठा):
घरात पाच माणसं, त्यात दोन शाळकरी मुलं. मुख्य दाराशी दर ऋतूत वेगळं पायपुसणं घालायचं आहे, पण ऋतू संपला की धुऊन ठेवून पुढच्या वर्षी तेच काढायचं. वॉशिंग मशीन ७ किलोचं, समोरून उघडणारं. दार आत उघडतं, खालची फट ११ मिलिमीटर. आत गुळगुळीत टाइल्स. एकसंध मॅट घ्यावी की खालचा बेस कायम ठेवून वरचं कव्हर बदलणारी? आणि मशीनमध्ये धुतल्यावर मागचं रबर का सुटतं?

ओलसूत:
फट आधी मोजलीत ते उत्तम. पण ती दार पूर्ण बंद, अर्धं उघडं आणि पूर्ण उघडं अशा तिन्ही जागी मोजा. फरशी क्वचितच एका पातळीत असते, आणि सगळ्यात कमी आकडा तोच खरा. त्यातून ३ मिलिमीटर वजा करा, कारण भिजल्यावर लव (मॅटवरचे उभे धागे) फुगते आणि कडा थोड्या उचलतात. म्हणजे तुमच्याकडे ८ मिलिमीटरच्या वर जाता येणार नाही. बेस आणि कव्हर मिळून जाडी बहुधा त्याहून जास्त भरते, म्हणून दोन थरांची मॅट दाराबाहेर ठेवा आणि आत एकसंध, पातळ.

चिखल खरवडणं आणि पाणी शोषणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच मॅटकडून दोन्ही नीट होत नाहीत. बाहेर खरखरीत पॉलिप्रॉपिलीन (एक प्रकारचं प्लॅस्टिक) किंवा उंचवट्यांचं रबर हवं, ते पाणी पीत नाही आणि लवकर वाळतं. आत शोषणारी हवी. पावसाळ्यात मायक्रोफायबर घ्या. सुती पायपुसणं पाणी भरपूर पितं, पण दमट हवेत एका दिवसात वाळत नाही आणि कुबट वास धरतं. कोरड्या, धुळीच्या दिवसांत आखूड, पीळ दिलेली नायलॉनची लव चांगली. दबली तरी पुन्हा उभी राहते. काथ्याचं पायपुसणं मात्र धुण्याच्या यादीत धरूच नका. भिजून राहिलं की काथ्याचे तंतू गळतात.

मापही बघा. ६० × ९० सेंटिमीटरची मॅट आडवी टाकली तर माणूस एका पावलात पार होतो. चालण्याच्या दिशेने लांब टाकली तर दोन्ही पावलं पडतात.

रबर सुटण्याचं कारण पाठीच्या प्रकारात आहे. स्वस्त मॅटच्या मागे लेटेक्सचा पातळ थर फवारलेला असतो. गरम पाणी आणि ड्रायरच्या उष्णतेने तो कोरडा पडतो, मग त्याचा भुगा होतो. कापडावर उष्णतेने पक्कं बसवलेलं नायट्राइल रबर सगळ्यात जास्त टिकतं. घेताना कोपरा उलटा दुमडून बघा. पांढरी रेघ उमटली किंवा पूड पडली तर ती मॅट घेऊ नका. नक्षी कितीही आवडली तरी.

धुणंवाळत:
धुण्याबद्दल लिहितो, कारण चांगल्या मॅटही इथेच बिघडतात.

चिखल ओला असताना मॅट मशीनमध्ये घालू नका. आधी पूर्ण वाळू द्या, मग झटका आणि ताठ ब्रशने काढा, नाहीतर गाळ मशीनच्या दाराच्या रबरात आणि फिल्टरमध्ये बसतो. रबरी मॅट एकटी घातली की ड्रमच्या एका बाजूला चिकटते, तोल जातो आणि मशीन स्पिनच करत नाही. सोबत दोन जुने टॉवेल टाका. ३० अंश, लिक्विड डिटर्जंट नेहमीच्या निम्मं, स्पिन मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आत. ब्लीच नको. सॉफ्टनर तर अजिबात नको: तंतूंवर थर बसतो आणि मायक्रोफायबरवरचं पाणी आत जायचं सोडून घरंगळतं.

६० × ९० ची नायट्राइल पाठीची मॅट कोरडी साधारण सव्वा किलो भरते, तेव्हा ७ किलोच्या मशीनला ती जड नाही. पण रबरातून पाणी पार होत नाही, म्हणून स्पिननंतरही घडीत साचून राहतं. बाहेर काढून १५ मिनिटं उभी टेकवून ठेवा. मग हातभर अंतरावरच्या दोन दोऱ्यांवर पसरा. एकाच दोरीवर दुमडलीत तर त्या घडीवर रबर तडकतं. वाळवायची सावलीत, वाऱ्याला. कडक ऊन रबराला ठिसूळ करतं.

उंबरठा:
मग कव्हरं किती? आणि टाइल्सवर सरकू नये म्हणून काय करू?

ओलसूत:
पावसाळ्यासाठी तीन: एक दाराशी, एक धुण्यात, एक वाळत. कोरड्या दिवसांसाठी दोन पुरतात. थंडीसाठी आणखी वेगळी घेण्याची गरज मला वाटत नाही. जाड, गुबगुबीत मॅट तुमच्या फटीतून जाणारच नाही.

बाहेरच्या बेसला कव्हर चिकटपट्टीने (वेल्क्रोने) बसत असेल तर पट्टीच्या आकड्यांत धागे आणि केस अडकून पकड जाते. ते जुन्या टूथब्रशने काढा. कव्हर पॉलिस्टरचंच घ्या. ९० सेंटिमीटरचं सुती कापड ३ टक्के आटलं तरी जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटर कमी भरतं, आणि मग ते बेसच्या खाचेत बसत नाही.

सरकण्याचं कारण बहुतेक वेळा रबर खराब असणं नसून पाठीवरची धूळ किंवा खाली साचलेलं पाणी असतं. पावसात रोज मॅट उचलून फरशी आणि पाठ दोन्ही ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा, मगच टाका. एवढं करूनही सरकली तर खाली जाळीदार ग्रिप पॅड घाला, मात्र त्याचीही जाडी ८ मिलिमीटरच्या हिशोबात धरा.

धुणंवाळत:
ठेवणीत टाकताना: धुतल्यावर वाळल्यासारखी वाटली तरी आणखी एक दिवस हवेवर राहू द्या, लवेच्या मुळाशी ओल उरते. घडी घालू नका, गुंडाळी करा. दोन मॅटची रबरं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये जुनी चादर घाला. वरून कापडी पिशवी. बंद प्लॅस्टिकमध्ये उरलीसुरली ओलही बुरशी धरते. पुढच्या वर्षी काढल्यावर कडा वळलेल्या दिसल्या तर उलट्या बाजूने सैल गुंडाळून रात्रभर ठेवा, मग सपाट पसरून कोपऱ्यांवर वजन ठेवा. इस्त्री फिरवू नका, पॉलिप्रॉपिलीन वितळतं.