१९४३ ची खरी कार्बाईन घ्यावी की नवी कोरी कॉपी?

कोथरूडकर:
माझा चुलतभाऊ ओहायोत असतो, पंधरा वर्षं झाली, आता त्याला रायफलचा किडा चावलाय. एम-१ कार्बाईन पाहिजे. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन, आखूड हलकी रायफल, अडीच किलोच्या आत वजन, पंधरा गोळ्यांचं मॅगझिन. समोर दोन पर्याय आहेत. एक १९४३ ची, आयबीएमने बनवलेली (हो तीच कॉम्प्युटरवाली, युद्धात सगळ्यांनाच कामाला लावलं होतं, टाइपरायटरवाली अंडरवुड, ज्यूकबॉक्सवाली रॉक-ओला) आणि दुसरी आत्ताची ऑटो-ऑर्डनन्सची, खोक्यातली. जुनीचा भाव नवीच्या दीडपट. महिन्यातनं दोनदा रेंजवर जाणार, बाकी तिजोरीत. रविवारी व्हिडिओ कॉलवर दीड तास हाच विषय, वहिनी वैतागून उठून गेली. मी म्हटलं जुनीच घे. नवी जावा आली तेव्हा टाकीवर नाव तेच होतं, पण तो टू-स्ट्रोकचा आवाज आला का? खरी मिळत असताना कॉपी कशाला घ्यायची? बोला.

टूलरूमवाला_भोसरी:
जावाचं उदाहरण गंडलंय. नव्या जावाचं इंजिनच वेगळं, फोर-स्ट्रोक, लिक्विड कूल्ड. नवी कार्बाईन आतून तीच आहे, तोच शॉर्ट स्ट्रोक गॅस पिस्टन (गोळीच्या गॅसने ढकलला जाणारा), तोच फिरणारा बोल्ट (गोळीमागचं दार). मोठा फरक म्हणजे जुनीचा रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो मधला सांगाडा) फोर्जिंगमधनं, म्हणजे ठोकून घडवलेल्या स्टीलमधनं मशीन केलेला आणि नवीचा इन्व्हेस्टमेंट कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला. कास्टिंग म्हटलं की लोक लगेच नाक मुरडतात, बीडाची कढई डोळ्यासमोर येते बहुतेक. अहो रुगर ही अमेरिकन बंदूक कंपनी कित्येक दशकं कास्ट रिसीव्हरवर धंदा करतेय. उलट ऐंशी वर्षांची बंदूक म्हणजे रिकॉइल स्प्रिंग दमलेली, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा) झिजलेला, हेडस्पेस (बोल्ट आणि गोळीमधली फट, वाढली की धोका) किती झालाय देव जाणे. ज्याला गोळ्या झाडायच्यात त्याने नवी घ्यावी.

पेठेतला_नाना:
टूलरूमवाले, तुम्ही वाडासुद्धा स्क्वेअर फुटात मोजणार. चार वर्षांच्या आत साठ लाखांच्या वर कार्बाईन बनल्या, दहा कंपन्यांनी मिळून, आणि ड्रॉइंग एकच, त्यामुळे एकीचा पार्ट दुसरीला बसतो, आजही. आणि कॉपीचं काय होतं ते बघा. फ्लोरिडातल्या युनिव्हर्सल नावाच्या कंपनीने युद्धानंतर अशाच कॉपी काढल्या, पुढे पुढे स्वतःची अक्कल चालवून एका रिकॉइल स्प्रिंगच्या जागी दोन टाकल्या, पार्ट बदलले. कंपनी गेली. आता त्या बंदुका घेऊन बसलेले लोक पार्टसाठी वणवण करतात. मिलिटरीवाली घेतली असती तर हा ताप नव्हता.

टूलरूमवाला_भोसरी:
नाना, ते युनिव्हर्सलचं पाप आत्ताच्या कंपनीच्या माथी का मारताय?

पेठेतला_नाना:
कारण उद्या हीसुद्धा कंपनी बंद पडू शकते. १९४३ ची कार्बाईन बंद पडू शकत नाही, ती कधीच बंद झालीये 😀

खडकीची_सून:
एक मुद्दा कुणी काढला नाही. माझे सासरे अम्युनिशन फॅक्टरीत होते, ते सांगायचे की .३०३ च्या जुन्या गोळ्यांची कॅप (मागची पेटवणारी टोपी) बॅरलला खायची, फायरिंग झालं की नळीत उकळतं पाणी ओतायचं, मग तेल, नाहीतर दोन दिवसांत आत गंज. कार्बाईनच्या अमेरिकन गोळ्या पहिल्यापासून नॉन-कोरोझिव्ह, त्यामुळे तिकडच्या जुन्या बॅरल बऱ्याच टिकल्यात. म्हणजे "जुनी म्हणजे आतून सडलेली" हे सरसकट लागू नाही. बाकी घरात पोरं असतील तर आधी तिजोरी घ्या, मग रायफल.

सदाशिव_२.०:
इथे आपल्याला .३०३ ला हात लावता येत नाही, प्रोहिबिटेड बोअर, लायसन्सवर बहुतेकांना मिळते ती ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५, ती पण .३०३ वाल्या एनफिल्ड रायफलच्याच धर्तीची. थोडक्यात सरकारनेच आपल्यासाठी कॉपी निवडून ठेवलीये. मी गपचूप .१७७ ची एअर रायफल घेतली, २० ज्यूलच्या आत असली की लायसन्स लागत नाही.

जुना_बाजार_काका:
सगळे "खरी खरी" म्हणताय म्हणून लिहितो. युद्धानंतर या कार्बाईन आर्सेनलमध्ये, म्हणजे सैन्याच्या शस्त्रकारखान्यात, परत गेल्या, तिथे शेकड्याने सुट्ट्या केल्या, पार्ट टोपल्यांत पडले आणि हाताला येईल तो जोडून परत बाहेर. सोबत सुधारणाही झाल्या. सुरुवातीची मागची साईट साधी, इकडून तिकडे पाडायची, तिच्या जागी स्क्रू फिरवून अ‍ॅडजस्ट होणारी आली, चपट्या बोल्टच्या जागी गोल, आणि पुढे संगीन अडकवायचा बँड. त्यामुळे १९४३ चा नंबर असलेल्या कार्बाईनवर संगिनीची जागा दिसली तर ती बहुतेक नंतरची.

आता गंमत बघा. कलेक्टर लोकांना हे नको असतं. ते पार्ट शोधून शोधून काढतात, साधी साईट, चपटा बोल्ट, प्रत्येकावर आयबीएमचाच शिक्का, सगळं बसवतात आणि "करेक्ट" म्हणून चढ्या भावाने विकतात. म्हणजे जी बंदूक सैन्याने वापरली, खोलली, दुरुस्त केली ती स्वस्त, आणि गेल्या वर्षी कुणीतरी गॅरेजमध्ये बसून जुळवलेली ती "ओरिजिनल". माझ्या मते ती करेक्टवालीच खरी कॉपी. नवी ऑटो-ऑर्डनन्स निदान कपाळावर लिहून येते की मी नवी आहे.

टूलरूमवाला_भोसरी:
काका 🙏 हेच मला म्हणायचं होतं, मला लिहिता आलं नाही.

पेठेतला_नाना:
तुम्हाला अजिबात हे म्हणायचं नव्हतं, तुम्ही हेडस्पेसवर होता.

कोथरूडकर:
काकांचं वाचून रात्री भावाकडनं फोटो मागवले. संगिनीचा बँड आहे, अ‍ॅडजस्टवाली साईट आहे, स्टॉकवर आर्सेनलचा शिक्का, बोल्ट इनलँडचा, म्हणजे दुसऱ्याच कंपनीचा. विकणारा "ऑल आयबीएम" सांगत होता. भावाचं तोंड एवढंसं झालं, मी मात्र म्हटलं हीच घे, फक्त दीडपट देऊ नको, हा मिक्समास्टर (वेगवेगळ्या कंपन्यांचे पार्ट जोडलेली) आहे म्हणावं आणि भाव पाड. तो म्हणतोय मग नवीच घेतो, निदान कोणी फसवलं नाही असं तरी वाटेल. परत पहिल्यापासून सुरू.

टूलरूमवाला_भोसरी:
कुठलीही घे म्हणावं, पण जुनी असेल तर गनस्मिथकडून हेडस्पेस गेज लावून घे, रिकॉइल स्प्रिंग बदल, आणि पहिली गोळी त्याच्यासमोर.

पेठेतला_नाना:
आले परत हेडस्पेसवर.