भूदान फसलं, मग विनोबांचं काय उरतं?

पानगळ:
सध्या 'गीता प्रवचने' वाचतोय. इतकं सरळ, ओघवतं मराठी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. पण घरात विनोबांचा विषय निघाला की काका एका दमात निकाल लावतात: "भूमिहीनांसाठी पाच कोटी एकर जमीन दान मागितली, पन्नास लाखही पदरात पडली नाही, आणि पडली त्यातली बरीचशी खडकाळ." एवढा तल्लख माणूस वर्षानुवर्षं पायी फिरला आणि हाती धुपाटणं? जाणकारांनी सांगावं.

टिंबटिंब:
काका बरोबर आहेत. त्यात आणीबाणीही धरा. 'सरकारी संत' हे नाव उगाच पडलं नाही.

कोरडवाहू:
माझ्या आजोबांना वर्धा जिल्ह्यात भूदानाची जमीन मिळाली होती, तेव्हा थोडं आतलं बोलते. रान सगळं बरड. आजी म्हणायची, "जमीन विनोबांनी दिली, दगड देवाने." बैलजोडी नाही, विहीर नाही. सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे खेटे. ही जमीन विकता येत नाही, म्हणून बँक तारण घेईना, आणि पेरणीच्या तोंडावर पुन्हा त्याच सावकाराचा उंबरा. देणाऱ्याच्या मुलांनी पुढे कुरबुर केली ती वेगळीच. त्यामुळे भूदान फसलं असं कुणी म्हटलं तर मला राग येत नाही.

पण कसं फसलं ते बघा. १८ एप्रिल १९५१ला तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात दलित कुटुंबांनी ऐंशी एकर मागितली, तेव्हा विनोबांच्या डोक्यातही आधी सरकारच आलं. अर्ज लिहून द्या, मी पुढे पाठवतो, असं ते म्हणाले. मग सहज गावालाच विचारलं, आणि तिथले जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. आजूबाजूला जमीनदारांविरुद्धचा सशस्त्र लढा पेटलेला, जमीनदार जीव मुठीत धरून बसलेले. भीतीचा वाटा त्या दानात नव्हता असं मी म्हणणार नाही.

तिथून चळवळ अशी वाढली की गावोगाव समित्या, कार्यकर्ते, गांधी स्मारक निधीचा पैसा. आणि १९५६मध्ये तमिळनाडूतल्या पलनीला ठरलं की निधी बंद, भूदान समित्या बरखास्त. चळवळ पगारी यंत्रणेवर नको, लोकांच्या बळावर चालावी, हा विनोबांचा आग्रह. तत्त्व म्हणून बिनतोड! पण दानपत्रं गोळा झाली होती, मोजणी नि वाटप व्हायचं होतं, आणि ते करणारी माणसंच घरी गेली. माझ्या मते मोठी चूक ती. ती भाबडेपणातून झाली नाही, पूर्ण शुद्धीत झाली. दंडशक्ती, म्हणजे सरकारी सक्ती, नको म्हणणारा माणूस स्वतःच्या चळवळीचं ऑफिसही मोडतो, एवढा तो स्वतःच्या शब्दाला चिकटून होता. आमच्या घराला ते महागात पडलं, तरी मला त्याचं कौतुकही वाटतं.

पानगळ:
हे पहिल्यांदाच वाचतोय. म्हणजे माणूस कळायचा तर भूदान सोडून दुसरीकडे बघायचं?

कोरडवाहू:
सोडून नको, पण आधी धुळ्याच्या तुरुंगात जा. तुम्ही वाचताय ती प्रवचनं तिथलीच. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, ओळीने अठरा रविवार, दर रविवारी एक अध्याय. समोर बसलेले सगळे कैदी. त्यांत जमनालाल बजाज होते आणि साने गुरुजीही. विनोबा बोलत गेले, गुरुजी उतरवून घेत गेले. बोलणारा पस्तिशीतला, लिहून घेणारा बत्तिशीचा. गुरुजींचा हात नसता तर ही प्रवचनं हवेतच गेली असती. पुस्तकाबद्दल बोलताना लोक हे पटकन विसरतात, याचा मला जरा रागच येतो. आता पुढचे अध्याय मोठ्याने वाचून बघा, बोलण्याचा ठेका लगेच कानात येतो.

पुढे १९५८मध्ये विनोबा पंढरपूरला इतर धर्मांच्या लोकांना बरोबर घेऊन विठ्ठलाच्या देवळात गेले. त्याच देवळाची दारं दलितांना उघडावीत म्हणून १९४७च्या मे महिन्यात उपोषणाला बसले होते ते साने गुरुजी.

टिंबटिंब:
आणीबाणीला सोयीस्कर बगल दिलीत, ताई.

कोरडवाहू:
देत नाही. आणीबाणीला 'अनुशासन पर्व', म्हणजे शिस्तीचा काळ, हे विनोबांचेच शब्द, सरकारने ते भिंतीभिंतींवर रंगवले. पण जानेवारी १९७६मध्ये त्यांनी पवनारच्या आपल्या आश्रमात आचार्यांचं, म्हणजे शिक्षक-विचारवंतांचं, संमेलन भरवलं, आणि देशातली परिस्थिती पूर्ववत करा असं तिथे एकमताने सांगितलं गेलं. सरकारने ते मनावर घेतलं नाही. एवढ्यावर ते थांबले, हे मलाही खटकतं. पण निम्मी गोष्ट सांगून 'सरकारी संत' म्हणायचं असेल तर उरलेली निम्मीही सांगा.

टिंबटिंब:
संमेलनाचं मान्य. थांबले याला मात्र माझ्याकडे माफी नाही.

पानगळ:
पलनीचं काकांना आजच विचारतो. त्यांनाही ठाऊक नसणार, पैज.