मदत हवी आहे: अमेरिकेतल्या कॉलेजसाठी लेकीचा निबंध आणि शेतीच्या उत्पन्नाचे कागद

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात माझी अडीच एकर द्राक्षबाग आहे. लेक सांगलीला बारावी सायन्सला आहे आणि तिला अमेरिकेत पर्यावरणशास्त्र शिकायचंय. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अ‍ॅमहर्स्ट ही नावं तिनेच शोधून काढली. ही कॉलेजं परदेशी मुलांनाही प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत आणि एकदा घेतलं की गरजेएवढी पूर्ण मदत करतात. निवड किती कडक असते ते आम्हाला ठाऊक आहे, म्हणून सीईटीचा अभ्यासही चालू ठेवलाय. पण अर्ज करायचा तर मनापासून करायचा, असं ठरलंय.

पहिली अडचण निबंधाची. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक अमेरिकन कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या वेबसाइटवर, जास्तीत जास्त 650 शब्दांचा एक निबंध लागतो. पुण्यातल्या एका सल्लागारांनी तिला तासभर प्रश्न विचारले आणि आठवड्यात निबंध लिहून पाठवला. त्यात अवकाळी, कर्ज, रडणारी आई आणि कंदिलाखाली अभ्यास करणारी मुलगी. आमच्याकडे कंदील नाही. लेकीने तो वाचला आणि म्हणाली, "पप्पा, आपल्यावर कर्ज आहे, पण आपण बिचारे नाही. हे मी माझ्या नावाने देणार नाही."

तिने स्वतः लिहिलाय तो असा. दहावीत असताना फळछाटणीनंतर पाऊस लागला आणि बागेत दावण्या शिरला, म्हणजे पानं ओली राहिली की पसरणारा रोग. तेव्हापासून हंगामात ती रोज सकाळी सहाला एक वही घेऊन बागेत जाते. वर, मध्ये आणि खाली ओढ्याकडे अशा तीन ओळी ठरवल्यात. पान उलटून त्याला टिपकागद लावते, ओल उठली की वेळ लिहिते. कॉलेजची एसटी गाठेपर्यंत तिच्या चार फेऱ्या होतात, पुढच्या तिची आई करते. वरच्या ओळी आठाच्या सुमारास कोरड्या व्हायच्या, ओढ्याकडच्या नऊ-साडेनऊपर्यंत ओल्याच. रोगाचे तेलकट डागही आधी तिथेच दिसायचे. मागच्या हंगामात तिच्या वहीवर विसंबून मी वरच्या बाजूच्या दोन फवारण्या टाळल्या. बाग सुखरूप निघाली. वीस वर्षं बाग करतोय, पण एकाच बागेत दव असं वेगवेगळं बसतं हे मी कधी मोजलं नव्हतं.

निबंधात ना दुःख आहे, ना पदकं. सल्लागार म्हणतात, "हा प्रोजेक्ट रिपोर्ट झाला, यात स्टोरी नाही." मला मात्र तो वाचताना तिचा आवाज ऐकू येतो. कोणता पाठवावा?

दुसरी अडचण पैशाच्या कागदांची. हार्वर्ड-येलसारखी कॉलेजं मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा घरच्या उत्पन्नाचा फॉर्म भरून घेतात. त्यात आयकर विवरण मागतात. माझं सगळं उत्पन्न शेतीचं, त्यावर कर नाही, त्यामुळे विवरण कधी भरलेलंच नाही. एक वर्ष बेदाण्याचा दर लागतो, पुढच्या वर्षी औषधांचाही खर्च निघत नाही. कोणत्या वर्षाचा आकडा खरा म्हणून दाखवू?

तिसरी, शिफारसपत्रं. सर मायेचे आहेत, पण "विद्यार्थिनी हुशार असून वर्तणूक चांगली आहे" यापलीकडे पत्र जात नाही. त्यांना अजून काय सांगावं?

मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद (मूळ कराडचा, सध्या बोस्टनला)

दादा, निबंध लेकीचाच पाठवा. दुसऱ्याने लिहिलेला निबंध आपला म्हणून देणं तिथे थेट फसवणूक धरतात. अर्जावर सगळं माझंच आहे अशी सही तिला करावी लागते. फक्त तिला एक विचारा: वहीतला कोणता आकडा तिच्या अंदाजाच्या उलट निघाला? ते चार ओळींत आलं की सल्लागारांना हवी ती स्टोरीही आपोआप येईल. आणि ती वही 'उपक्रम' या भागातही टाका. तिथे दहा रकाने असतात, पण सगळे भरायचं बंधन नाही. वर्णनाला 150च अक्षरं मिळतात, तेव्हा विशेषणं काढून आकडे ठेवा.

उत्पन्नासाठी तहसीलदारांचा तीन वर्षांचा दाखला, बेदाणा सौद्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या), पीककर्जाचा खाते उतारा आणि सातबारा गोळा करा, इंग्रजी भाषांतर जोडा. फॉर्म ज्या वर्षाचा आकडा मागेल तोच खरा भरायचा. शेवटी विशेष परिस्थिती लिहायला जागा असते, तिथे मागच्या वर्षांचा चढउतार मांडा. आयकर विवरण का नाही, हे कॉलेजच्या मदत कार्यालयाला आधीच ईमेलने कळवा. फॉर्मची फी परवडत नसेल तर माफीही तिथेच मागा.

सरांना वही दाखवा. त्यांच्या तासाला तिने काय विचारलं होतं, कुठे चुकली आणि मग काय केलं, अशा दोन-तीन आठवणी त्यांच्याकडे नक्की असतील. त्याच लिहा म्हणावं.

धागाकर्ता

फार आभारी आहे. तुमचा प्रश्न लेकीला विचारला. तिने लगेच वही उघडली. ढगाळ दिवशी वाऱ्यामुळे ओढ्याकडची ओळ वरच्या ओळीच्या आधी कोरडी झाली होती, असे चार दिवस निघाले. आता ते लिहायला बसलीय. सोमवारी मी दाखल्यासाठी तहसीलला जातो.

एक राहिलंच. नववीपासूनचे गुण मागतात आणि गावच्या शाळेतलं नववीचं निकालपत्रक मराठीत आहे. मुख्याध्यापकांनी लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी इंग्रजीत लिहून दिलं तर चालेल ना, की भाषांतरकारच लागेल?