बेंद्रे: मास्तर मोठे की चित्रकार?

रंगपेटी
ना. श्री. बेंद्र्यांच्या चित्रांच्या छापील प्रती परवा एका बैठकीत पाहिल्या आणि जुनी शंका पुन्हा वर आली. आधी निसर्गचित्रं, हात इतका साफ की हेवा वाटावा. मग १९५० च्या दशकातली घनवादी वळणाची, म्हणजे वस्तू कोनाकोनांत मोडून मांडणारी. मग अमूर्त. शेवटी ठिपक्याठिपक्यांतून उमटलेल्या खेड्यातल्या बायका. सही झाकली तर चार वेगळे चित्रकार वाटतील. हुसेनची रेघ लांबून कळते. बेंद्र्यांचं काय कळतं?

माझं मत: मास्तरकीनं चित्रकार खाल्ला. १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभाग उभा करायला गेले, पुढे डीन झाले. पोरांना सगळं शिकवायचं म्हणजे सगळं करून दाखवणं आलं. त्या नादात स्वतःचं राहूनच गेलं. करा सुरू.

इंदुरी शेव
हिशेबातच गोची आहे. १९६६ ला त्यांनी बडोदा सोडलं आणि गेले १९९२ ला. मास्तरकी १६ वर्षं, त्यानंतर नुसती चित्रं २६ वर्षं. कोणी कोणाला खाल्लं?

आणि हे 'सगळं करून बघू' बडोद्याच्या आधीचं आहे. जन्म इंदूरचा, १९१०. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झाले. मग काश्मीरला जाऊन नोकरी, शांतिनिकेतनात मुक्काम, १९४८ ला थेट अमेरिका. असा फिरस्ता माणूस एका शैलीच्या दावणीला बांधून घेणार होता होय? उलट असा होता म्हणूनच नव्या विभागाला तो हवा होता.

सुपारी फोडणारा
शिवरायांचं अस्सल चित्र शोधणारे बेंद्रे ते हेच का?

इंदुरी शेव
नाही हो, ते वा. सी. बेंद्रे, इतिहास संशोधक. चित्रं दोघांच्याही नशिबात होती एवढंच.

हिरवा माठ
मी चित्रकला शिकलेली आहे, म्हणून जरा पोटतिडकीनं लिहितेय. आमच्या सरांची 'ओळखीची शैली' होती. जाड काळी बाह्यरेषा, आत सपाट गेरू. शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात अख्ख्या वर्गाची चित्रं भिंतीवर लागली आणि माझ्या आईनं विचारलं, "एकाच मुलानं काढलीत का गं सगळी?" माझंही त्यातच होतं. ती बाह्यरेषा हातातून जायला मला सहा वर्षं लागली.

आता बेंद्र्यांची पोरं बघा. ज्योती भट्ट छापचित्रांकडे गेले, कॅमेरा घेऊन खेडोपाडीच्या भिंती आणि रांगोळ्या टिपत हिंडले. गुलाममोहम्मद शेखांची चित्रं गोष्टी सांगतात. जी. आर. संतोष काश्मीरहून त्यांच्याकडे शिकायला आले आणि पुढे तंत्रसाधनेतल्या आकृत्यांकडे वळले. तिघांत एकाची सावली दुसऱ्यावर नाही, मास्तरांची तर शोधूनही सापडत नाही. रंगपेटी, तुम्हाला जी उणीव वाटते तिच्यासाठी मी सहा वर्षं मोजलीत.

रंगपेटी
माठताई, पोळल्याचं कळलं. पण हे मास्तराचं कौतुक झालं, ते मला मान्यच आहे. प्रश्न चित्रकाराचा होता. के. जी. सुब्रमण्यनही बडोद्यालाच शिकवत होते. त्यांनी भित्तिचित्रं केली, मातीकाम केलं, खेळणीसुद्धा केली, तरी काम बघितलं की नाव ओठावर येतं. म्हणजे शिकवूनही स्वतःचं राखता येतं. बेंद्र्यांना ते जमलं नाही, की त्यांना नकोच होतं?

इंदुरी शेव
नकोच असावं. '५५ साली 'काटा' या चित्राला ललित कला अकादमीचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. दुसरा कोणी असता तर त्याच वळणाची पन्नास चित्रं काढून मोकळा झाला असता. गिऱ्हाईकही असतंच. हे पुढे निघाले.

जुनाट चष्मा
मी जरा उशिरा आलो. दोघेही शेवटच्या ठिपक्यांवरून घाईनं पुढे गेलात. छापील प्रतीत त्यांची पार माती होते राव. मूळ चित्रापुढे उभं राहा. लांबून बाईचा सावळा खांदा दिसतो, मऊ, उन्हातला. नाक लावलंत तर सावळा रंग कुठेच नाही. जांभळे, शेंदरी, हिरवे ठिपके शेजारी शेजारी, सांडलेल्या मोहरीसारखे. रंग पॅलेटवर कालवलेलाच नाही, तो तुमच्या डोळ्यात कालवला जातो. तंत्र फ्रेंचांचं, कबूल. पण हे ऊन फ्रान्सचं नाही.

चित्रकार रझांचा बिंदू एक, म्हणून तो नाव घेऊन फिरतो. यांचे हजारो. त्यांना कोण नाव ठेवणार?

सुपारी फोडणारा
हे शेवटचं वाक्य ढापतोय.

रंगपेटी
चष्मेवाले, मूळ चित्र मी पाहिलेलं नाही, खोटं कशाला बोलू. ठिपक्यांपुरता मी माघार घेतो. घनवादाबद्दल मात्र नाही. ती चित्रं मला अजून धडा शिकवायला काढल्यासारखीच वाटतात, फळ्यावरची.

हिरवा माठ
फळ्यावरचीच असतील. मला तो फळा मिळाला असता तर चाललं असतं.