मदत हवी आहे: ‘मणिचित्रताळु’नंतरची चर्चा कशी घडवू?

नमस्कार मंडळी. आमच्या चित्रपट मंडळात फाझिल यांचा मल्याळम ‘मणिचित्रताळु’ (१९९३) दाखवायचा आहे. बहुतेकांनी त्यावर बेतलेला हिंदी ‘भूल भुलैया’ (२००७) पाहिलाय, त्यामुळे नायिका गंगाचं गुपित (ती स्वतःला नागवल्ली ही पूर्वी मारली गेलेली नर्तकी समजू लागते) फुटलेलंच आहे. पण माझी अडचण वेगळी आहे.

घरी काही जणांसोबत पाहिला, तर शेवटावरून वाद पेटला. डॉ. सनी मानसोपचारतज्ज्ञ, तरी गंगाला बरं करायला तो मांत्रिकाची मदत घेतो, विधी मांडतो आणि पुतळ्याचा बळी देऊन नागवल्लीचा सूड पुरा करून देतो. काकू ठामपणे म्हणाल्या, “म्हणजे भूत होतंच!” धाकट्यांना तो निव्वळ उपचार वाटला. मला स्वतःला दुसरं पटतं, पण गंगा साकारणाऱ्या शोभना यांचा नागवल्लीच्या रूपातला तो नाच पाहताना (राष्ट्रीय पुरस्कार उगाच नाही मिळाला!) काकूंचं म्हणणंही खोडवत नाही.

मूळ चित्रपट कुणी केरळमधल्या मित्रमंडळींसोबत पाहिलाय का? तिथले प्रेक्षक या शेवटाबद्दल काय बोलतात? आणि घरात कुणी मानसिक आजाराशी झगडत असेल, अशा प्रेक्षकांना आधी काय सांगून ठेवावं? हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कृपया सविस्तर लिहा.