सेशनची मुदत ६० मिनिटे असूनही वापरकर्ते मध्येच लॉगआउट होतात

प्रश्न:
आमचे जावा अ‍ॅप्लिकेशन टॉमकॅट या वेब सर्व्हरवर, ८०८० या पोर्टवर चालते. वेब.एक्सएमएल या सेटिंग्जच्या फाइलमध्ये सेशन-टाइमआउट (वापरकर्ता स्वस्थ बसल्यास सेशन, म्हणजे त्याचे लॉगिन, किती वेळ टिकवायचे ती मुदत) ६० ठेवला आहे, तरीही काही वापरकर्ते काम करत असतानाच लॉगिनच्या पानावर फेकले जातात. कधी ५ मिनिटांत, कधी ४० मिनिटांनी, तर काहींना दिवसभर हा त्रास होतच नाही. मुदत १२० करून पाहिली, पण काडीचाही फरक पडला नाही. सर्व्हर एकच आहे, पुढे लोड बॅलन्सर (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारी यंत्रणा) नाही आणि टॉमकॅट मध्यंतरी रीस्टार्टही झालेला नाही.

उत्तर १:
वेब.एक्सएमएलमधला आकडा मिनिटांचा असतो, मात्र कोडमधल्या सेटमॅक्सइनअ‍ॅक्टिव्हइंटरव्हल या मेथडला दिलेला आकडा सेकंदांचा असतो आणि त्या सेशनपुरता तोच लागू होतो. तिथे कोणी ६० लिहिले असल्यास मुदत एका मिनिटावर येते. शोधून पाहावे.

उत्तर २:
ही चूक नेहमी आढळते खरी, पण तिच्यामुळे माणूस स्वस्थ बसल्यावरच बाहेर पडला असता. इथे तो काम करता करता बाहेर पडतो आणि वेळेलाही धरबंध नाही, त्यामुळे सर्व्हरवरचे सेशन जिवंत असून ब्राउझरच भलता सेशन आयडी (सेशनची ओळख पटवणारा क्रमांक) पाठवत असावा, असा माझा संशय आहे. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये जेसेशनआयडी कुकीचे (हा आयडी ब्राउझरमध्ये साठवणाऱ्या छोट्या नोंदीचे) मूल्य लॉगआउटच्या आधी आणि नंतर टिपून ठेवा. त्याच होस्टवर दुसऱ्या पोर्टवर आणखी काही चालते का? कुकी पाठवताना ब्राउझर होस्ट आणि पाथ पाहतो, पोर्ट पाहत नाही. कुकींच्या २०११ च्या आरएफसी ६२६५ या मानकामध्येही तसे स्पष्ट नमूद आहे.

प्रश्नकर्ता:
उत्तर १ प्रमाणे शोधले, तशी ओळ कोडमध्ये नाही. मात्र ८०८१ वर वेगळ्या टॉमकॅटवर अहवालांचे अ‍ॅप्लिकेशन आहे आणि दोन्हींचा पाथ रूटच आहे. ते दुसऱ्या टॅबमध्ये उघडताच कुकीचे मूल्य बदलले आणि पहिल्या टॅबमधल्या पुढच्याच क्लिकला लॉगिनचे पान आले. ज्यांना त्रास होत नव्हता, ते अहवाल पाहतच नाहीत!

उत्तर २:
म्हणजे दोन्ही टॉमकॅट एकमेकांची कुकी पुसत होते. सर्व्हलेट या जावाच्या वेब मानकाच्या ३.० आवृत्तीपासून वेब.एक्सएमएलच्या सेशन-कॉन्फिगमध्ये कुकी-कॉन्फिग देऊन कुकीचे नाव बदलता येते. एका अ‍ॅप्लिकेशनमध्ये बदलले तरी पुरेल. त्या अ‍ॅप्लिकेशनच्या वापरकर्त्यांना एकदा पुन्हा लॉगिन करावे लागेल, त्याची पूर्वसूचना द्यावी. आणि वाढवलेली मुदत पुन्हा ६० वर आणायला विसरू नये.